आखाजीचा बार आणि कानातला आवाज

वैशाख लागला की खान्देशातलं ऊन अंगावर चालून येतं. धुळ्याच्या माझ्या घरात दुपारी नळ सोडला तर पहिलं तांब्याभर पाणी हात भाजतं. स्कूटरच्या सीटवर ओलं पोतं टाकल्याखेरीज बसता येत नाही. गच्चीवर सकाळी वाळत घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत हाडांसारख्या वाजू लागतात. रस्त्यावरची कुत्री गटारीत उतरून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेनं पाहतात, जणू उन्हाची ही कल्पना त्याचीच असावी.

उन्हाच्या नावावर आमच्याकडे काहीही खपतं. म्हशीचं दूध आटलं, जावयाचं डोकं फिरलं, म्हातारा गेला. ऊन लागलं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. विचारणारा मान हलवतो आणि स्वतःच्या कानांवरचा रुमाल घट्ट करतो.

याच उन्हात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो. आम्ही पितरांसाठी घागर भरतो, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतो, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवतो आणि माहेरी आलेल्या मुलींसाठी निंबाला झोका बांधतो. इथपर्यंतचं वर्णन शाळेच्या पुस्तकात घालण्यासारखं आहे. दुपारनंतरचं नाही.

यंदा आखाजीच्या तोंडावर फोनवर एक रंगीत आमंत्रण आलं. आमच्या गावच्या गढीतल्या 'श्रवणसफरी'ला वर्ष होत आहे, तरी अगत्य येणे. वर ढाल, तलवार आणि मोर. मोर आमच्या गावात कधी नव्हता. आमंत्रण पाहिलं आणि मागचा वैशाख पुन्हा डोक्यात तापायला लागला.

कानाला यंत्र लावून इतिहास पाहण्याची ही रीत मी पहिल्यांदा मुलीकडे गेलो तेव्हा पाहिली. ती इंग्लंडात असते. तिनं मला एका जुन्या कॅथेड्रलमध्ये नेलं. दारात एकानं गळ्यात यंत्र अडकवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आम्ही सगळे, पन्नास देशांचे लोक, मुक्यांच्या शाळेची सहल निघावी तसे आत निघालो. आवाजानं वर बघा म्हटलं की सगळे वर, डावीकडे म्हटलं की सगळे डावीकडे. एका पायरीपाशी आवाज सांगू लागला, की इथे राजाच्या सरदारांनी एका धर्मगुरूला भर प्रार्थनेत तलवारीनं कापलं. फरशीवर काय काय सांडलं तेही त्यानं सांगितलं. आणि त्याच सुरात, श्वासही न बदलता, चहाची खोली उजव्या हाताला असल्याचं सांगितलं. माझ्या शेजारची बाई मान हलवत उजवीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कलादालन. तिथल्या भिंतींवर सोन्याच्या चौकटींत माणसांची कातडी सोलली जात होती, मुंडकी ताटात ठेवली जात होती, कोणी कोणाच्या छातीत बाण मारत होतं. आवाज म्हणाला, लाल रंगातली ऊब पाहा. मी पाहिली. कसायाच्या दुकानात इतक्या आदरानं कोणी उभं राहत नाही.

आमचे दादासाहेबही त्याच सुमारास युरोप पाहून आले. दादासाहेब म्हणजे गढीच्या घराण्याचे आजचे वारस. धुळ्यात त्यांचा पेट्रोलपंप आहे आणि गावात त्यांना अजून सरकार म्हणतात, विशेषतः उधारीवर डिझेल हवं असेल तेव्हा. धुळे आणि अमळनेर यांच्या मधे, नदीच्या काठावर आमचं गाव, आणि काठाच्या अगदी टोकाशी गढी. पूर्वजांची तैलचित्रं वाळवीनं खाल्ली होती. ती त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून नव्यानं काढून घेतली. पेंटरला डोळे एकाच तऱ्हेचे येत, त्यामुळे सगळे पूर्वज एकाच माणसाकडे संशयानं पाहताहेत असं वाटतं.

"सर, आपल्या गढीतही तशीच यंत्रं आणू. स्क्रिप्ट तुम्हीच लिहा," दादासाहेब मला म्हणाले. "तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवला. गावचे आहात. आवाज पुण्याचा घेऊ."

मी लिहिलं. तिसरा थांबा होता गढीचा दरवाजा. दुष्काळात सातपुड्याच्या पायथ्याकडून उपाशी माणसं खाली उतरली, त्यांनी गढीची कोठारं फोडली, म्हणून त्यांना धरून मारलं आणि त्यांची मुंडकी या दरवाजावर टांगली, अशी गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत आहे. मी ती तशीच लिहिली. दादासाहेबांनी 'उपाशी माणसं' खोडून 'बंडखोर' केलं आणि खूश झाले.

"मुंडक्यांपाशी जरा नगारा वाढवू," ते म्हणाले. "अंगावर काटा आला पाहिजे."

सहावा थांबा होता वरच्या दालनातली नदीकडची खिडकी. या खिडकीतून आखाजीचा बार दिसतो.

बार म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आखाजीच्या गोड लेखांत तो सापडत नाही. दुपार कलली की आमच्या गावच्या बाया आणि माहेरवाशिणी गौराई घेऊन नदीवर येतात. समोरच्या काठावर समोरच्या गावच्या. मधे कोरडी वाळू. आधी शिव्या. वर्षभर जिभेखाली दाबून ठेवलेल्या, गाण्याच्या चालीवर बांधलेल्या शिव्या. मग दगड. डोक्याला ओलं फडकं बांधलेलं, पदर कमरेला खोचलेला, ओटीत गोटे. आमच्या गावच्या मुली समोर दिलेल्या आणि समोरच्या आमच्याकडे, त्यामुळे आखाजीला माहेरी आली की पोरीच्या नेमक्या समोर कोण उभी असते, तर तिची नणंद. वर्षभर जिचं पाणी भरलं तिच्या दिशेनं दगड भिरकावण्याची ही एकच दुपार. लहानपणी मी गढीच्या भिंतीआडून पाहायचो. रोज मान खाली घालून पीठ मागायला येणारी बाई त्या काठावर उभी राहून गरजायची, "तुमना गावनी नवरीले दात नही, मांडा चावाले सासू लागस!" आणि पाठोपाठ दगड सणसणत जायचा.

बाराचे नियम कडक होते. दगड हातानंच मारायचा, गोफण आणायची नाही. नाव घेऊन हाक मारली तर जिला मारली तिनं उत्तर दिलंच पाहिजे. आणि बारात जे बोललं गेलं, जे लागलं, ते नदीतच सोडून घरी जायचं. त्यावरून पुढे भांडण नाही, तक्रार नाही, पोलीस तर नाहीच. सूर्य बुडाला की डोक्यावरची खोक हळदीनं दाबून त्याच बाया एकमेकींना सांजोऱ्या द्यायच्या.

आता पोलीस असतो. तो निंबाखाली बसतो आणि त्याच्याकडे कोणी दगड मारत नाही, कारण त्याची बायको समोरच्या गावची.

मी स्क्रिप्ट लिहीत होतो तेव्हा अक्का माझ्याकडे धुळ्याला आली होती. अक्का माझी थोरली बहीण. समोरच्याच गावी दिलेली. दाजी जाऊन थोडे दिवस झाले होते, सासू-सासरे त्याच्या कितीतरी आधी. मी बाराचा भाग तिला वाचून दाखवला. तिनं भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ऐकला.

"चांगलं लिखं," ती म्हणाली. "कमलनं नाव कोठे शे?"

कमल आमची चुलत बहीण, अक्काच्याच वयाची. एका आखाजीला ऊन लागून गेली. मी लहान होतो, पण मला आठवतं. ओसरीवर तिला निजवलं होतं, कपाळावर, कानशिलापर्यंत, ओल्या धडप्याची जाड घडी, आणि आमच्या घरातल्या बाया तिच्या तळपायांना कांदा चोळत होत्या. कांद्याचा वास सगळ्या गल्लीत होता. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, काय ऊन आहे यंदा.

"ती बारात होती?" मी विचारलं.

"मना बाजूले उभी व्हती. उन्हमा नही मरनी ती, भाऊ. दगड लागीसन मरनी. आठे." अक्कानं शेंगेचं टरफल कानशिलाला लावून दाखवलं. "धडपा कसाले व्हता मंग एवढा जाड?"

शेंगा फुटत राहिल्या.

"वच्छीनी फेका," ती म्हणाली.

वच्छी म्हणजे अक्काची नणंद. दाजींची धाकटी बहीण. त्या वेळी अक्काचा साखरपुडा झाला होता, लग्न त्याच वैशाखात. होणारी भावजय समोर दिसली म्हणून वच्छीनं थट्टेनं तिच्यावर दगड टाकला. अक्का वाकली. मागे कमल होती.

"तो दगड मना व्हता," अक्का म्हणाली.

सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. म्हणून डोकं फुटलेल्या मुलीच्या पायांना कांदा चोळला गेला, गावाला दिसेल अशा जागी, आणि तिनं पहाटे श्वास सोडेपर्यंत तो चोळणं चालू होतं. आमच्या घरातली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना लग्न वाचवायचं होतं. खून करणाऱ्यांकडेही इतकी व्यवस्था नसते. कमलच्या आईनं बोलू नये म्हणून तिला आतल्या खोलीत कोंडलं होतं, असं अक्कानं सांगितलं. लग्नात ती अक्षता टाकायला आली आणि सगळ्या अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या.

"तठे कमलनं नाव बोलाडीसनच सोडसू मी," अक्का म्हणाली. "त्या खिडकीपाशी. मी मरावना पहिले."

इतकंच तिला हवं होतं. वच्छीचं नाव तिनं मागितलं नाही. मी स्क्रिप्टमध्ये एक वाक्य घातलं.

दादासाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "सर, हे कशाला? लोक सुट्टीला येतात. पोरंबाळं असतात. निगेटिव्ह वाटतं."

"दरवाजावरची मुंडकी?"

"तो इतिहास आहे."

"आणि ही?"

"ही तुमच्या घरची गोष्ट आहे," ते मऊ आवाजात म्हणाले, आणि मला थंड ताक देववलं.

मुंडकी कोणी टांगली यावर ती शौर्यात जमा होतात की दुःखात, हे ठरतं. ज्यांची होती त्यांना कोणी विचारत नाही. हे मी वर्गात आयुष्यभर शिकवत आलो. ताक पिताना ते पहिल्यांदा समजलं.

उद्घाटन त्यांनी आखाजीला ठेवलं. साडेतीन मुहूर्तांतला एक. आखाजीच्या दुपारी नदीकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. सरकारांना ते कळलं नाही, कारण आखाजीला ते दरवर्षी थंड हवेच्या ठिकाणी असत.

जिल्ह्याहून मोठे साहेब आले. फेटे बांधले गेले. फेट्यांखालून घाम फुटून साहेबांच्या भुवयांना केशरी रंग लागला. मग सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढले आणि मिरवणूक निघाली. दरवाजापाशी नगारा वाजला असावा, कारण साहेबांनी मान डोलावली. अक्का माझ्याबरोबर होती. तिनंही यंत्र लावलं होतं, पदरावरूनच.

आम्ही वरच्या दालनात पोचलो तेव्हा खाली बार पेटला होता. सहाव्या थांब्याला पुण्याच्या बाई सांगत होत्या, की नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सख्या लटक्या रागानं एकमेकींना चिडवत, आणि क्वचित किरकोळ दुखापतही होई. नमुन्यादाखल एक शिवीही होती: "अगं सखे, तुझा स्वयंपाक किती गं अळणी!" खाली वाळूत नेमकी त्याच वेळी कोणाच्या सासऱ्याच्या लंगोटाची चौकशी चालली होती. कानांवर गाद्या असल्यामुळे पाहुण्यांपर्यंत फक्त गलका पोचत होता.

पहिला दगड खिडकीतून आला आणि तिसऱ्या पूर्वजाच्या काचेचा चुरा झाला. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! इफेक्ट अगदी खरा वाटतो हो!" ते हेडफोनवाल्याच्या चढ्या आवाजात ओरडले. दुसऱ्या दगडानं पन्ह्याचा ट्रे उडवला. तिसरा त्यांच्या फेट्यावर बसला. मग ते पूर्वजांच्या पायाशी, टेबलाखाली, दादासाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांच्या कानांतला आवाज चालूच होता.

अक्का हलली नाही. ती ऐकत होती. तिनं सहाचं बटण पुन्हा दाबलं आणि पुन्हा ऐकलं. मग हेडफोन उतरवून माझ्याकडे पाहिलं.

"किरकोळ दुखापत?"

"मी ते लिहिलं नाही, अक्का."

"माले माहीत शे."

ती खिडकीशी गेली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली. काचा तिच्या चपलेखाली करकरल्या.

"वच्छेऽऽ!"

नाव घेऊन हाक. दोन्ही काठांवरचे हात वरच थांबले. समोर बाभळीखाली म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, त्यांतली एक हळूहळू उठली. वच्छाबाईही त्या दिवशी माहेरी आलेली होती.

"कमल उन्हमा नही मरनी! तू मारं तिले!"

मी खिडकीची चौकट धरून उभा होतो. लोखंड इतकं तापलेलं होतं की तळवा भाजला, आणि तरी मला तो काढता आला नाही.

"हा!" समोरून आवाज आला. म्हातारा, फाटका, पण सगळ्या वाळूवरून पोचेल असा. "मीच मारं! तुनावर फेका व्हता, तिले लागना!"

"मंग सांगं का नही कोनले?"

"तू सांगं का? मना भाऊसंगे लगीन लावं ना तू!"

बारात उत्तर नसलं की दगड मारतात. तिच्या हाताशी दगड नव्हता. तिनं गळ्यातलं यंत्र हिसडून काढलं आणि हात मागे नेऊन, सगळ्या अंगानिशी, समोरच्या काठावर भिरकावलं. ते तिथवर कुठलं पोचतंय. नदीच्या मधोमध वाळूत पडलं, वायर निसटली, आणि पुण्याच्या बाई मोठ्यानं बोलू लागल्या: आता आपण शस्त्रागाराकडे जाणार आहोत. कृपया कोणत्याही वस्तूला हात लावू नका.

आमच्या काठावरच्या एका पोरीनं त्याला पहिला दगड मारला. मग समोरून आला. मग दोन्ही गावांच्या बायांनी मिळून, ओट्या रिकाम्या होईपर्यंत, आवाज बंद पडेपर्यंत ते ठेचलं.

मला वाटलं होतं दादासाहेब आयुष्यभर तोंड पाहणार नाहीत. आठवडाभर पाहिलंही नाही. पण कोणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. गढीत लोक यायला लागले, चाळीसगाव-जामनेरहून गाड्या करून, आणि दरवाजा, नगारा, शस्त्रागार सोडून थेट विचारायचे, ती खिडकी कुठे आहे. दादासाहेब व्यवहारी माणूस. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सर, तुमचं ते वाक्य टाकू. मागे मंद सनई देऊ का?"

"वाजंत्री नको," अक्कानं निरोप दिला.

आता सहाव्या थांब्याला पुण्याच्या बाई सांगतात: 'येथे आखाजीच्या बारात डोक्याला दगड लागून कमल ही मुलगी मरण पावली. ती ऊन लागून गेली, असे घरच्यांनी गावाला सांगितले.' बस. पुढच्या वाक्यात शस्त्रागार. ज्या दिवशी अक्कानं ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती रडेल म्हणून मी खिशात रुमाल तयार ठेवला होता.

"बरं बोलस ती," अक्का म्हणाली. "रडत नही. रडनारा सर्वा खोटं बोलनात."

तिसऱ्या थांब्याला नगारा अजून तसाच आहे आणि ती माणसं अजून बंडखोरच आहेत. मी दोनदा लिहून दिलं. त्यांच्या गावांतून या गढीची खिडकी दिसत नाही, आणि त्यांच्यासाठी ओरडणारं अजून कोणी वर चढून आलेलं नाही. शाळेच्या सहली येतात, पोरं दरवाजापाशी मोबाईल वर करून हसत फोटो काढतात. ऊन त्यांच्या कवट्या तापवत असतं.

परवा अक्काबरोबर गढीवर गेलो होतो. वरच्या दालनात वच्छाबाई होती. एकटीच, नातसुनेची चप्पल घालून आलेली, कानांवर हेडफोन. आम्हाला पाहून तिनं ते काढले नाहीत. वाक्य संपेपर्यंत ऐकलं, मगच उतरवले. दालनात त्या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मला तिथून जावंसं वाटलं.

"मनं नाव नही शे त्यामा," वच्छाबाई म्हणाली.

"नही."

"का बरं? माले भ्याव नही."

"तुनं नाव मशीनले देवाव नही," अक्का म्हणाली. "ते मी हाक मारीसन लिसू. बारमा. दरसाल."

वच्छाबाईनं हातातले हेडफोन टेबलावर ठेवले.

"ये मंग," ती म्हणाली. "मी समोरच बसेल शे."

ती दाराकडे वळली. गढीच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. ती भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरू लागली. मी हात द्यायला पुढे झालो, तर अक्कानं माझा सदरा मागून धरला आणि जिन्यात वाकून खाली पाहिलं.

"हळू उतर व," ती ओरडली. "आखाजी आजून बाकी शे."